दोन नंबरचं पाणी

सकाळी दहा चाळीसला दोन नंबरचा प्राणवायू पडायला लागला, तेव्हा मी पंपघराच्या पायरीवर बसून भाजलेल्या शेंगा खात होते. मोबाइल वाजला. आकडा सहाच्या वर असायचा, तो साडेचारवर आला होता. मी शेंगांची पुडी बाजूला ठेवली. पुढच्या वीस मिनिटांत साडेचारचे तीन झाले, तीनचे एक पूर्णांक दोन झाले.

"तात्या, दोन नंबर बघा," मी म्हटलं.

धोंडिराम भोई पंपाच्या स्टार्टरजवळ उभे होते. करंजवेल नगरपरिषदेच्या पंपघरावर ते एकोणीस वर्षं रोजंदारीवर होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांनी फडक्याला हात पुसले, माझ्या हातातला मोबाइल लांब धरून आकडा पाहिला.

"परवासारखा गाळ बसला असंल," ते म्हणाले. पण मोबाइल लगेच परत दिला नाही.

काळवती नदीत आमच्या कंपनीने पाच यंत्रं बसवली होती. लोक त्यांना पेट्या म्हणत. प्रत्येक पेटीखाली पाण्यात बुडलेली एक नळी. पाण्यात प्राणवायू किती, क्षार किती, गढूळपणा किती, हे ती दर पाच मिनिटांनी मोजायची आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून आम्हाला कळवायची. एक नंबर सगळ्यात वर, पाच नंबर पंपघराच्या विहिरीजवळ. खराब पाणी गावापर्यंत पोचायच्या आधी कळावं, एवढाच हेतू. मी तिथली एकटी इंजिनिअर. नोकरीला आठ महिने झाले होते.

तात्या म्हणाले ते 'परवा' खरं तर सहा आठवड्यांपूर्वीचं होतं. चार नंबरचा आकडा असाच पडला आणि मी पंप बंद करायला लावला. गावाला नऊ तास पाणी नव्हतं. नंतर नळी वर काढली तर तिच्या तोंडावर शेवाळाचा गोळा बसलेला. त्या दिवशी नगरपरिषदेच्या दारात बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या. पुण्याहून आमचे प्रमुख सबनीस सर आले, हात जोडून माफी मागितली आणि परतताना गाडीत मला म्हणाले, "चारुशीला, यापुढे दोन पेट्या एकच गोष्ट सांगत असतील तरच तोंड उघडायचं."

आता दोन नंबर सांगत होती. एक नंबर साखर कारखान्याच्याही वर होती, तिचा आकडा नेहमीसारखाच होता. तीन नंबर आठवडाभर बंद होती, तिची सौरपट्टी कोणी तरी काढून नेली होती. राहिली चार नंबर. ती पंपघरापासून फक्त एक किलोमीटर वर. ती बोलेपर्यंत पाणी दारात आलेलं असणार होतं.

मी सरांना फोन लावला.

"चारची वाट बघ," ते म्हणाले.

"सर, चार आणि पंपामध्ये अर्धाच तास मिळतो. आणि आज जत्रा आहे. टाक्या भरणं चाललंय."

"म्हणूनच सांगतोय. जत्रेच्या दिवशी पाणी बंद केलंस आणि पुन्हा शेवाळ निघालं तर आपण तिथून उठलो समज."

मी स्कूटी काढली. तात्यांनी पंपघराच्या दारातून विचारलं, "किती वेळ हाय?"

हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. दोन नंबरपासून पंपघरापर्यंत पाण्याला किती वेळ लागतो, ते आम्ही दोघांनीच मोजलं होतं. त्यांनी दोन नंबरपाशी नारळ सोडला होता आणि सायकलने काठाकाठाने त्याच्यामागे आले होते. दोन तास पन्नास मिनिटं.

"दीडच्या सुमाराला येईल," मी म्हटलं.

दोन नंबरला पोचले तेव्हा साडेअकरा होत होते. वाटेत जत्रेच्या बैलगाड्या होत्या, त्यांनी वेळ खाल्ला. काठावर कोणी नव्हतं. पाणी नेहमीसारखंच संथ. थोडंसं तांबूस वाटलं, पण फेब्रुवारीत ते तसं दिसतंच. मी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरून नळी वर काढली. नळी स्वच्छ होती. तरी ब्रशने घासली, बाटलीतल्या पाण्याने धुतली, परत सोडली. मग दगडावर बसून मोबाइलकडे बघत राहिले.

पाच मिनिटांनी आकडा आला, दोन पूर्णांक नऊ. पुढचा चार पूर्णांक चार. पावणेबाराला पाच पूर्णांक आठ.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण याचे दोन अर्थ होते आणि दोन्ही तितकेच खरे असू शकत होते. नळीच्या तोंडावर मला न दिसलेलं काही तरी होतं आणि ब्रशने ते निघालं, हा एक. खराब पाणी इथून पुढे निघून गेलं आणि आता ते माझ्या आणि पंपघराच्या मध्ये कुठे तरी सरकत होतं, हा दुसरा. मी बाटलीत पाणी भरून घेतलं. पण ते आताचं पाणी होतं. मला हवं होतं ते तासाभरापूर्वीचं.

उठले, बसले, परत उठले. आठ महिने मी लोकांना सांगत आले होते की यंत्र खोटं बोलत नाही. आता यंत्र दोन्ही बाजूंनी बोलत होतं.

तात्यांना फोन लावला. आकडे सांगितले, नळी स्वच्छ निघाल्याचं सांगितलं. पाठीमागे पंपाची घरघर ऐकू येत होती.

"मॅडम, खेकडं बाहेर आल्यात का बघा."

"काय?"

"खेकडं. दगडावर. उन्हाचं ते कधी बाहेर बसत न्हाईत. पाण्यात जीव गुदमरला तरच बसत्यात. जरा खालच्या अंगाला जावा."

मी फोन कानाला धरूनच काठाने खाली चालत गेले. शंभर पावलांवर नदीला वळण आहे. तिथे काळ्या खडकाचा पट्टा पाण्यात उतरतो. त्या खडकावर खेकडे होते. एखाद-दुसरा नव्हे. मी मोजायला लागले आणि तिशीच्या पुढे सोडून दिलं. भर उन्हात, कोरड्या दगडावर, एकमेकांना चिकटून बसले होते. मी जवळ गेले तरी हलले नाहीत. फटीच्या पाण्यात बोटाएवढे मासे पांढरी पोटं वर करून पडले होते.

"आहेत," मी म्हटलं. "खूप आहेत, तात्या."

"मग बंद करतो."

पण घरघर चालूच राहिली आणि त्यांनी विचारलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द. "तुम्ही सांगताय न्हवं?"

"हो. बंद करा. मी सांगतेय."

पंपाची घरघर थांबलेली मी फोनवर ऐकली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार नंबरची खात्री करायची म्हणून मी तशीच खाली निघाले. मोबाइलवर तिचे आकडे यायचे बंद झाले होते. जत्रेला पंधरा-वीस हजार माणूस लोटलं होतं, नेटवर्क कुठेच मिळत नव्हतं. रस्ता पालखीने अडवलेला. लोकांच्या मधून स्कूटी ढकलत निघाले. एका बाईने माझ्या कपाळाला भंडारा लावला, तो घामाबरोबर डोळ्यात उतरला. चार नंबरला पोचायला तीन वाजले.

पेटी उघडली, तार जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला. नेटवर्क नसलं तरी पेटी आपले आकडे आत साठवून ठेवते. एक वाजून दहा मिनिटांनी पाच पूर्णांक सात. सव्वाला तीन. दीडला शून्य पूर्णांक आठ. दोनपर्यंत ते तसंच होतं, मग हळूहळू वर चढलं. क्षार तिप्पट.

दोन पेट्यांनी एकच गोष्ट सांगितली होती.

मला हसू आलं, हे मला स्पष्ट आठवतं. नदीकाठी एकटी बसून मी हसले. मी बरोबर होते. गावातल्या चाळीस हजार माणसांच्या आणि जत्रेच्या पाहुण्यांच्या पोटात ते पाणी गेलं नव्हतं.

नेटवर्क आलं तेव्हा सबनीस सरांचे चौदा फोन येऊन गेलेले दिसले.

"पंप कोणी बंद केला?" त्यांचा पहिला प्रश्न.

"सर, चार नंबरचे आकडे आहेत माझ्याकडे. शून्य पूर्णांक आठपर्यंत गेलं होतं. वरून कोणी तरी मळीसारखं काही तरी सोडलंय."

"मी विचारलं, पंप कोणी बंद केला?"

"तात्यांनी. मी…"

"थांब. तू पुढे काही बोलू नकोस." त्यांनी श्वास घेतलेला ऐकू आला. "मुख्याधिकारी संतापलेत. महाप्रसादाला पाणी नाही, टँकर आणायला लागले. ते पंपघरावर गेले तर तिथे माणूसच नाही. कुलूप. तो भोई पंप बंद करून कुठे तरी निघून गेलेला."

हे मला नवीन होतं. तात्या पंपघर सोडून जाणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. लॉजच्या खोलीत त्यांनी माझ्या लॅपटॉपवर चार नंबरचे आकडे पाहिले. दोनदा पाहिले. मग लॅपटॉप मिटला.

"हे तुझ्याजवळच ठेव."

"सर, हे तर आपण बरोबर असल्याचा पुरावा…"

"चारुशीला, वर कारखाना कोणाचा आहे, तुला माहीत आहे. आपलं पुढचं कामही त्यांच्याच हातात आहे. सतरा गावांचं काम. हे आकडे बाहेर आले की ते संपलं. पेट्याच राहिल्या नाहीत तर नदीवर लक्ष कोण ठेवणार, सांग मला." ते रागावले नव्हते, समजावत होते. "आपण एवढंच लिहायचं. दोन नंबरच्या आकड्याची पडताळणी झाली नव्हती. पंप बंद करण्याची कोणतीही सूचना आमच्याकडून देण्यात आली नव्हती. झालं."

"पण सूचना मी दिली होती."

"लेखी दिली होतीस?"

त्यांनी पत्र तयार करूनच आणलं होतं. खाली माझं नाव होतं, चारुशीला खोत, प्रकल्प अभियंता. मी सही केली. सही करताना शेवाळाच्या प्रसंगानंतरच्या रिकाम्या घागरी माझ्या डोळ्यांसमोर होत्या, असं मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगितलं. खरं म्हणजे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. मला तिथून उठायचं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत चौकशी झाली. सर आणि मी खुर्च्यांवर. तात्या उभे. धुतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले. कायम करायच्या कामगारांची यादी त्याच महिन्यात निघणार होती आणि तिच्यात त्यांचं नाव होतं, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"पंप बंद करायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. लगेच नजर काढली नाही. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"विचारतोय मी. या मॅडमनी सांगितलं होतं का?"

तात्या गप्प.

"त्यांचं पत्र आलंय. सूचना दिली नव्हती म्हणतात." त्यांनी कारकुनाला पत्र वाचायला लावलं. कारकुनाने माझ्या नावासकट ते वाचलं. मग तात्या म्हणाले, "पंपावर मीच होतो, साहेब."

"आणि बंद करून कुठे गेला होतात?"

"खाली. नदीकडं."

"नदीकडे," मुख्याधिकारी म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तात्यांचं नाव यादीतून गेलं आणि सोमवारपासून कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

त्यांनी मला सांभाळून घेतलं, असं मला वाटलं. माझं वय, माझी नोकरी, सगळं बघून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. या विचाराने मला रडू आलं आणि बरंही वाटलं. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. पंपघरावर नवा माणूस आला होता. मी त्याच्याशी धड बोलू शकत नव्हते. दिवसातून वीस वेळा लॅपटॉप उघडून चार नंबरचे ते आकडे बघायची आणि बंद करायची. जेवताना मध्येच उठायची. काही कारण नसताना स्कूटी काढून एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर जायची.

असंच एकदा, पंधरा-सोळा दिवसांनी, सकाळी मी पंपघराच्या खाली निघाले. आमच्या पेट्या पाच नंबरला संपत होत्या. त्याच्या खाली मी कधी गेलेच नव्हते. तीन किलोमीटरवर घळीची वाडी लागते. साठ-सत्तर घरं. नळ नाही, काठावरच्या झऱ्याचं आणि नदीचंच पाणी. घाटावर एक म्हातारी बाई कपडे धूत होती. नाव विचारलं तर केराबाई म्हणाली. मी तिला जत्रेच्या दिवशी पाण्यात काही फरक दिसला होता का, असं विचारलं.

"दिसला म्हंजे? दुसऱ्या दिशी मासं पांढरंफेक तरंगत हुतं. ही अशी रास लागली." तिने काठाकडे हात केला. "पण आमी पाणी भरलं न्हवतं त्या दिशी. भरूच दिलं न्हाई त्यानं."

"कोणी?"

"कोन की. खाकी पँट हुती, सायकलवर आल्ता. दुपारचा आला तो दिवस मावळंस्तवर इथंच. पाण्यात उतरू नका, भरू नका, जनावरं सोडू नका. आमच्या सुनंनं घागर बुडवली तर हिसकावून वतून टाकली त्यानं. लई भांडान झालं. बापईगडी जत्रंला गेल्यालं, न्हाईतर मार खाल्ला असता. आमाला वाटलं पिऊन आलाय." ती कपडा पिळायची थांबली. "सकाळी मासं बघितलं तवा समजलं. नाव बी विचारलं न्हाई कुनी त्याला."

मी तिथेच पायरीवर बसले.

पाणी पंपघरापाशी थांबत नाही, हे मला कळायला हवं होतं. नदीचा वेग माझ्या वहीत होता. घळीच्या वाडीला ते तीनच्या आसपास पोचलं असणार. तीनला मी चार नंबरपाशी बसून हसत होते. मोबाइलला नेटवर्क आल्यावर मी पहिला फोन पुण्याला केला होता. खाली माणसं राहतात, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

त्याच दुपारी मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. चार नंबरचे आकडे छापून नेले होते. पंप बंद करायला मीच सांगितलं होतं, असं दुसरं पत्र हाताने लिहून खाली सही केली होती. केराबाईने सांगितलेलंही लिहिलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. मग कपाटातून फाइल काढली आणि माझं पहिलं पत्र दुसऱ्या शेजारी ठेवलं.

"दोन्हीवर सही तुमचीच आहे, मॅडम."

"दुसरं खरं आहे."

"पहिलं दिलंत तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला असतात." त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. थकवा होता. "मी कुठल्या सहीवर त्या माणसाला परत घेऊ?"

पुढचं थोडक्यात सांगते. मी नोकरी सोडली. माझे आकडे मुख्याधिकाऱ्यांनी वर पाठवले. कोणी तरी येऊन पाण्याचे नमुने नेले, त्यांचा अहवाल आला की नाही मला कधीच कळलं नाही. सतरा गावांचं काम सरांना मिळालं. करंजवेलच्या पेट्या दोन वर्षं चालल्या आणि मग देखभालीअभावी बंद पडल्या. तात्यांना परत घेतलं नाही. ते तलावावरच्या मच्छीमार सोसायटीत लागले. याला आता अकरा वर्षं झाली. मी अजून हेच काम करते, दुसऱ्या नद्यांवर. धोक्याचा संदेश कुणाकुणाला जावा याची यादी करायला बसले की खालच्या वाड्यांपासून सुरुवात करते.

त्या दुपारी मुख्याधिकाऱ्यांकडून निघाले ती थेट भोई गल्लीत गेले. तात्या ओट्यावर बसून जाळ्याची फाटलेली घरं विणत होते. मला बघून त्यांनी आत हाक मारली, "मॅडम आल्यात, च्या ठेव." मी पायरीवर बसले. घळीच्या वाडीला जाऊन आल्याचं सांगितलं. दुसरं पत्र दिल्याचं सांगितलं आणि त्याचा उपयोग झाला नाही, हेही सांगितलं. ते विणत राहिले. मधूनमधून मान हलवत.

चहा आला. मी कप हातात धरून बसले.

"तात्या, एक विचारू? त्या दिवशी चौकशीत तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

मी त्या उत्तराची तयारी करून आले होते. पोरीची नोकरी जाईल म्हणून, असं ते म्हणतील. मग मी त्यांचे पाय धरीन. ते 'असू द्या' म्हणतील.

तात्यांनी गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"घेणार हुतो," ते म्हणाले. "पर तुम्ही समोरच बसला हुता. म्हटलं, तुम्हीच सांगाल."

आणि त्यांनी जाळ्याचं पुढचं घर हातात घेतलं.